मोबाइलवरचा निकाल दाखवून वाटणी मागताय? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत वाटणीचा विषय निघाला की कुणीतरी मोबाइल पुढे करतं: ‘सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, मुलीलाही बरोबरीचा वाटा.’ सांगितलंय, खरं आहे. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, 11 ऑगस्ट 2020. पण तो निकाल एकत्र कुटुंबाच्या, म्हणजे जिच्यात जन्मानंच हक्क मिळतो अशा मिळकतीपुरता आहे, आणि बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

समजा, रामबागेतलं घर आजोबांनी स्वतःच्या पगारातून बांधलं, 1970 मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 नुसार वडिलांना त्यातला जो हिस्सा आला, तो सर्वस्वी त्यांचा. नातवंडांना त्यात जन्मानं हक्क नाही. नातीला नाही तसा नातवालाही नाही. वडील तो मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. ‘आजोबांचं म्हणजे वडिलोपार्जित’ हे आपल्या डोक्यातून जातच नाही. शेजारच्या देवासमधून गेलेल्या उत्तम विरुद्ध सौभाग सिंह या दाव्यात आजोबा 1973 मध्ये वारले होते. नातवानं जन्मसिद्ध हक्कानं वाटणी मागितली आणि 2016 मध्ये सुप्रीम कोर्टात तो हरला.

उलट, वडील मृत्युपत्राशिवाय गेले तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत त्यांची आई, पत्नी, मुलगे आणि मुली सारख्याच वाटेकरी. हे 1956 पासून आहे. त्यासाठी 2020 चा निकाल फडकवायची गरजच नाही.

मिळकत खरोखर एकत्र कुटुंबाची असेल, तर भाऊ हमखास म्हणतो, ‘मुलींना हा हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती 2005 ची, बाबा त्याआधीच गेले, तुझा प्रश्नच येत नाही.’ याला आधार सुप्रीम कोर्टाच्या 2015 च्या फुलवती निकालाचा. 2020 मध्ये तो मोडीत निघाला. ‘आमची तोंडी वाटणी झालीय’ हेही सहसा चालत नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाची डिक्री लागते. तोंडी वाटणी सरकारी कागदपत्रांतून पक्की सिद्ध झाली, तरच अपवाद.

पुण्याच्या मामांचा सल्लाही जपूनच घ्या. ‘1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलीला हक्क नाही’ हा नियम महाराष्ट्राच्या दुरुस्तीतला होता. मध्य प्रदेशात तो कधीच नव्हता.

सगळ्यात महाग पडते ती तेराव्यानंतरची सही. ‘फक्त नामांतरणासाठी आहे, ताई’ म्हणत पुढे केलेला कागद कधी कधी हक त्याग विलेख, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त निघतो. रजिस्ट्रार कार्यालयात जाऊन सही केलीत, तर तो फिरवणं फार अवघड. घरी वाचायला मागा. देत नसतील तर सही नाही. याउलट, तहसिलीत एकट्या भावाच्या नावे नामांतरण झालं म्हणून हातपाय गाळू नका. ती महसुलाची नोंद, त्यानं मालकी ठरत नाही. मात्र स्वस्थही बसू नका. एकत्र मिळकतीतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून दाव्याला 12 वर्षांची मुदत असते.

वकिलाकडे जाताना निकालाची पीडीएफ नेली नाहीत तरी चालेल. मूळ रजिस्ट्री, जुन्या खसऱ्याच्या (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) नकला, आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला मात्र न्या. मिळकत कुणी घेतली आणि कोण कधी वारलं, हेच तो आधी विचारणार.