बेळगावातनं जुन्या गोव्याला, सायबाच्या म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) जायचं असेल तर

फेस्त ३ डिसेंबरला असतंय, पण घरातली वयस्कर माणसं बरोबर असतील तर माझं ऐका, नेमकं त्या दिवशी जाऊ नका. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना (फेस्ताआधीच्या रोजच्या प्रार्थना) असते, त्यातला शनिवार-रविवार सोडून एखादा दिवस धरा, निवांत गुडघे टेकायला जागा तरी मिळते.

अनमोड-फोंड्यावरनं पणजीला जाणारी बस मिळाली तर जुनं गोवं वाटेतच लागतंय. चोर्ला घाटातनं जाणारी असेल तर चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या, पणजीला उतरावं लागलं तर तिथनं साधारण दहा किलोमीटर, लोकल बस सारख्या असतात. आपल्या भागातनं चालत जाणारे पण आहेत, त्यात पहिल्यांदा जात असाल तर नवीन बूट घालून निघू नका आणि अंधारात घाटात चालू नका, ट्रकवाल्याला माणूस दिसत नाही.

आता महत्त्वाचं. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले, त्यांचं शरीर बॉम जेझस बॅसिलिकात चांदीच्या पेटीत आहे आणि ती पेटी संगमरवरी चौथऱ्यावर खूप उंच ठेवलीय. जवळनं दर्शन दहा वर्षांतनं एकदाच, मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं. आमच्या मावशीला हे कुणी सांगितलंच नव्हतं, तोंड बघायला मिळणार म्हणून आली आणि खाली उभी राहून वर बघत रडायला लागली, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला घरातनं निघायच्या आधीच सांगतो. थोडं मागं सरकून उभं राहिलं की पेटी नीट दिसते.

ख्रिश्चन नसलात तरी या, आपल्याकडचे कितीतरी हिंदू नवस घेऊन येतात. फक्त मिस्सा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) चालू असताना फिरू नका, आणि मिस्सात पाद्री जी पवित्र भाकरी देतात त्या कम्युनियनच्या रांगेत प्रसाद समजून उभं राहू नका, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतंय. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. नवसासाठी बाहेर मेणाचे हात, पाय, बाळ विकायला असतात, जे दुखतंय त्याचं मेण घेऊन वाहायचं.

येताना फेरीतनं, म्हणजे फेस्ताच्या जत्रेतनं, खाजं घ्या, आल्याची चव असलेलं. आणि गोव्यात घाम आला तरी स्वेटर बॅगेत असू द्या, रात्री घाट चढून खानापूरकडं आलं की थंडी वाजते.