पेट स्कॅनसाठी नागपूरला निघण्याआधी

तळपायाच्या काळ्या डागाचा तुकडा तपासून आला, रिपोर्टात मेलॅनोमा (कातडीचा एक कॅन्सर) निघाला आणि डॉक्टरांनी पेट-सीटी, म्हणजे रोग अंगात कुठे पसरला ते दाखवणारा स्कॅन, लिहून दिला, की घरात आधी पैशाची चर्चा होते, मग गाडीची. दोन्ही रास्तच. पण या तपासणीची खरी तयारी आदल्या दिवशी वावरात आणि चुलीपाशी करायची असते, आणि ती फारसं कोणी समजावून सांगत नाही.

यात शिरेतून थोडी किरणोत्सारी साखर सोडतात. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, म्हणून रोग गाठींत, फुप्फुसात, यकृतात किंवा हाडात गेला असेल तर ती जागा चित्रात उजळते. आता साखर काही एकटा रोगच खात नाही. राबलेला स्नायूही खातो. म्हणून आदल्या दिवशी कापूस वेचायला, निंदायला जायचं नाही, पाण्याचे गुंड वाहायचे नाहीत, सायकल हाणायची नाही. घरच्यांना हे जड जातं, विशेषतः बाईमाणूस पेशंट असेल तर. पण एक दिवस कोणीतरी दुसऱ्याने पाणी भरावं. थंडीचंही तसंच. अंग गारठलं की मानेजवळची चरबी ऊब धरायला साखर जाळते आणि ती चमक मानेतल्या गाठींच्या जागीच दिसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या एसटीने निघणार असाल तर स्वेटर, कानटोपी, दुपट्टा हवाच. आतल्या खोलीतही एसी असतो, तिथे चादर मागून घ्या.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. चघळणारा जबडा साखर खातो, त्यामुळे गालाचे स्नायू उजळतात, आणि जवळच मानेतल्या गाठी बघायच्या असतात. खर्रा सोडा म्हणून सांगणं आपल्याकडे किती फळतं ते मला ठाऊक आहे. निदान आदल्या संध्याकाळपासून पुडी घरी राहू द्या, आणि सोबतच्या माणसाच्या खिशातही नको, नाहीतर इंजेक्शननंतर बसवतात तेव्हा ती हमखास निघते. हे बसणं साधारण तासाभराचं असतं. तेवढा वेळ गप्प पडून राहायचं, मोबाइलवर गावाकडची ख्यालीखुशालीसुद्धा नको, कारण बोलताना घशाचे स्नायू काम करतात.

पोट किमान सहा तास रिकामं हवं. साधं पाणी चालतं, उलट भरपूर प्या. चहा नाही, साखरेची गोळी तोंडात ठेवायची नाही. आदल्या रात्री भात आणि गोड कमी, वरण-अंडी चालतील. नागपूरच्या पाहुण्याकडे मुक्काम असेल तर त्यांना रात्रीच बजावून ठेवा. पेशंटला उपाशी कसं पाठवायचं म्हणून सकाळी सकाळी तर्री पोहे पुढे येतात आणि नंबर हुकतो. मधुमेह असेल तर नोंदणी करतानाच सांगा. रक्तातली साखर २०० च्या वर गेली तर बहुतेक ठिकाणी तपासणी पुढे ढकलतात. इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन कधी घ्यायचं, कधी थांबवायचं, हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने काही करू नका. बीपीची गोळी सहसा साध्या पाण्यासोबत घेता येते, तीही विचारून.

वेळ चुकवू नका. या औषधाची ताकद सुमारे ११० मिनिटांत अर्धी होते, त्यामुळे तुमचा डोस तुमच्या वेळेच्या हिशोबाने मागवलेला असतो. एटापल्ली, मेहकरकडून येणाऱ्यांनी सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नये, आदल्या दिवशीच पोचावं.

नोंदणीच्या टेबलावर डाग तळपायावर होता हे स्वतःहून सांगा. एरवी हा स्कॅन डोक्यापासून मांडीपर्यंतच घेतात. मेलॅनोमात, त्यातही पायाच्या, पार बोटांपर्यंत घेतलेला बरा. पायाचा रोग पसरला तर पहिला संशय जांघेतल्या गाठींचा असतो. पण काटा रुतून पिकला, चिखल्या झाल्या, तरी जांघेत अवधाण येतंच, म्हणजे गाठ सुजतेच, आणि पूर्व विदर्भात हत्तीरोगाचे पायही कमी नाहीत. सूज आणि जंतुसंसर्गही चित्रात चमकतात. म्हणून पायाला जखम आहे का, तुकडा कोणत्या तारखेला काढला, पूर्वी टीबी झाला होता का, नुकतीच लस घेतली का, हे सगळं कागदावर लिहून न्या. गाठ चमकली म्हणून लगेच हातपाय गाळायचे नाहीत. शंका असेल तर सोनोग्राफी करून सुईने तपासतात.

डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआयही सांगितला असेल तर ‘एवढा महागाचा स्कॅन केला, आता आणखी कशाला’ म्हणून टाळू नका. मेंदू सतत साखर खातो, त्या उजेडात बारीक ठिपका लपून जातो. दोन्ही एकाच फेरीत जमेल का ते विचारा. एमआरआयला पेसमेकर किंवा हाडातली पट्टी आधी सांगायची, आणि धातू अंगावर चालत नाही. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी तिथे निघत नाहीत. रात्री घरीच तेल-साबण लावून सोडवा, करगोट्यातला ताईतही.

पिशवीत तुकड्याचा रिपोर्ट, जुन्या सोनोग्राफी, नवा क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही तपासणी बसते का ते आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. कर्करोगाच्या रुग्णाला एसटी आणि रेल्वेत भाड्याची सवलत असते, तिचा कागदही करून ठेवा.

सोबत एक धडधाकट माणूस न्या. पेशंटच्या अंगात किरणोत्सारी औषध असतं, म्हणून गरोदर सून नको, लेकरं नकोत. स्कॅन झाल्यावर भरपूर पाणी, वरचेवर लघवी. नातवाला त्या दिवशी मांडीवर घ्यायचं नाही. अंगावर पाजणारी बाई असेल तर दूध कधी पाजायचं ते तिथेच विचारून निघावं. रिपोर्टसोबत सीडीही मागून घ्या, कारण सर्जनला चित्रं बघायची असतात. आणि त्यांची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारूनच गाडीत बसा.