मोडाच्या पिठाची खीर: लहान पोटात पुरेसं अन्न कसं बसवायचं

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं अन्न सुरू होतं, आणि बऱ्याच घरांत ते वरणाच्या पाण्याने किंवा पातळ पेजेने होतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २४० मिली मावतं. तेवढी जागा पाण्यानेच भरली, तर चार वेळा खाऊनही ते वाळतच जातं. पेज घट्ट केली, तर गिळत नाही. मोडाच्या पिठाने ही अडचण सुटते. मोडांतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) शिजलेल्या पिठाचा चिकटपणा मोडतं, म्हणून पीठ जास्त घालूनही खीर सैल राहते.

नाचणी किंवा गहू निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. निथळून ओल्या सुती फडक्यात बांधा, अधूनमधून पाणी शिंपडा. दीड-दोन दिवसांत मोड येतात. कडक उन्हात वाळवा, मंद आचेवर ओल जाईपर्यंतच परता आणि दळा. इथेच बहुतेकांचं चुकतं: खमंग भाजलं की विकर मरतं, मग पिठाचा उपयोग नाही. बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला, तर सगळं फेकून द्या. ज्वारीला मोड आणून वापरू नका. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, तेच विष तिच्या मोडांतही असतं.

खिरीसाठी ३० ग्रॅम भाजलेलं तांदळाचं किंवा नाचणीचं पीठ, १५ ग्रॅम भाजलेल्या मूगडाळीचं पीठ आणि २०० मिली पाणी घ्या. गुठळ्या न होऊ देता आठ-दहा मिनिटं शिजवा. गोळा होईल, होऊ द्या. उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा. उकळत्या खिरीत विकर टिकत नाही. मग चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळत राहा. खीर सैल झाली की पुन्हा एक उकळी आणा, कारण मोडांत जंतू असू शकतात. शेवटी चमचाभर तेल घाला. त्या ५ मिलीत सुमारे ४५ कॅलरी असतात.

सुरुवात दोन-तीन मोठ्या चमच्यांनी करा. आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलीच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. उरलेली खीर पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर अंगणवाडीत मोजून घ्या: डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी न आवळता. ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला, तर नुसत्या खिरीवर विसंबू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.