फोटो छापायला देताय? रिझोल्यूशनच्या या चुका टाळा

फोनवर लख्ख दिसणारा फोटो १२ × १८ इंचांच्या फ्रेममध्ये येतो आणि चेहरा धूसर, कडा दातेरी, केसांच्या जागी नुसता काळा डाग. बोल लॅबवाल्याला लावला जातो, पण बहुतेक वेळा फोटो लॅबमध्ये पोहोचण्याआधीच त्यातले पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक रंगीत ठिपके, गेलेले असतात. फोनचा पडदा जेमतेम तीन इंच रुंद. त्यावर १००० पिक्सेलचा फोटोही कोरीव वाटतो. तेच १००० पिक्सेल १८ इंचांवर पसरले की इंचाला ५५ च्या आसपास उरतात, आणि पिक्सेल फुटलेले लांबूनही दिसतात.

म्हणून छपाईआधी एक भागाकार करायचाच: फोटोच्या लांब बाजूचे पिक्सेल भागिले कागदाच्या लांब बाजूचे इंच. उत्तर ३०० किंवा जास्त आलं तर हातात धरून पाहायच्या फोटोलाही काळजी नाही. २०० ते ३०० मध्ये भिंतीवरची फ्रेम छान येते. १५० च्या खाली गेलात की चेहऱ्यावर मऊपणा जाणवतो, आणि १०० च्या खाली फोटो मोठा करूच नये. ३०० च्या हिशोबाने ४ × ६ ला १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ८ × १२ ला २४०० × ३६०० आणि १२ × १८ ला ३६०० × ५४००.

पिक्सेल पाहायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की आकडे दिसतात, आयफोनवर फोटोखालच्या माहितीच्या खुणेत. फाइल किती एमबीची आहे यावर मात्र विसंबू नका. मोकळ्या आभाळाचा फोटो कमी एमबीत मावतो आणि झाडीचा जास्त घेतो, पिक्सेल दोन्हींत तेवढेच असतात.

७२ दिसलं म्हणून ३०० टाइप करणं

ही सगळ्यांत जास्त होणारी चूक, आणि हिनेच सगळ्यांत जास्त फाइली खराब होतात. फोटोच्या माहितीत ७२ डीपीआय (इंचाला किती ठिपके, तो आकडा) लिहिलेलं दिसतं, प्रेसवाल्याने ३०० मागितलेलं असतं, मग फोटोशॉप उघडून ७२ च्या जागी ३०० लिहिलं जातं. पण ७२ ही कॅमेऱ्याने फाइलवर लावलेली नुसती चिठ्ठी आहे. ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा फोटो ७२ ची चिठ्ठी लावून आला काय किंवा ३०० ची, कागदावर तो सारखाच छापला जातो.

नुकसान होतं ते ‘रीसॅम्पल’ची चौकट चालू राहिली तर. ७२ चे ३०० केले की सॉफ्टवेअर प्रत्येक बाजू चौपटीहून मोठी करतं आणि १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेलचा फोटो जवळपास २१२ मेगापिक्सेलचा होतो. मधले सगळे पिक्सेल अंदाजाने भरलेले. फाइल जड होते, तपशील तेवढाच राहतो. उलटं झालं तर त्याहून वाईट: ३०० चे ७२ करून सेव्ह केलं की ४०३२ चे ९६८ पिक्सेल उरतात, आणि मूळ प्रत नसेल तर ते परत येत नाहीत.

योग्य पद्धत अशी. फोटोशॉपमध्ये इमेज मेनूतून ‘इमेज साइझ’ उघडा, ‘रीसॅम्पल’ची खूण काढा, मग रुंदीच्या रकान्यात हवे ते इंच लिहा. रिझोल्यूशनचा आकडा आपोआप बदलेल, आणि तोच तुमचा खरा आकडा. गिंपमध्ये ही दोन कामं वेगळीच ठेवली आहेत: ‘प्रिंट साइझ’ फक्त चिठ्ठी बदलतं, ‘स्केल इमेज’ पिक्सेल बदलतं. प्रिंटरच्या खोक्यावर लिहिलेले १४४० किंवा ५७६० डीपीआय म्हणजे शाईचे ठिपके. एक पिक्सेल रंगवायला असे अनेक ठिपके लागतात, त्यामुळे त्या आकड्याची फाइल बनवायला जाऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मोठ्या फ्रेमला देणं

व्हॉट्सअ‍ॅपवर साधेपणाने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ४ × ६ ला ते चालतं, इंचाला २६७ पडतात. १२ × १८ ला तेच ८९ होतात. २०२३ मध्ये आलेल्या ‘एचडी’ पर्यायाने फोटो मोठा जातो, पण दाबला (कॉम्प्रेस) जातोच. छपाईसाठी फोटो मागवताना स्पष्ट सांगा: जोडणीच्या खुणेवरून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या. आणि फाइल आल्यावर पिक्सेल मोजून घ्या, कारण पाठवणाऱ्याकडचाच फोटो आधी कुठून तरी दाबून आलेला असू शकतो.

स्क्रीनशॉट हा याहून मोठा तोटा. १०८० पिक्सेल रुंद पडद्यावर आडवा फोटो उघडून स्क्रीनशॉट घेतला तर फोटोचा भाग १०८० × ८१० एवढाच राहतो. मूळ १२ मेगापिक्सेलचा फोटो एक मेगापिक्सेलच्याही खाली आला.

मेगापिक्सेलच्या जाहिरातीवर विसंबणं

५०, १०८ किंवा २०० मेगापिक्सेलचे बहुतेक फोन नेहमीच्या मोडमध्ये शेजारचे पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. पूर्ण रिझोल्यूशनचा मोड वेगळा चालू करावा लागतो, आणि तो भर उजेडातच उपयोगाचा. भागाकार फसवतो तो डिजिटल झूममध्ये. तिथे फाइलचे पिक्सेल पूर्ण दिसतात, पण फोटो मधला तुकडा कापून ताणलेला असतो. असा फोटो संगणकावर १०० टक्के आकारात उघडून डोळे आणि पापण्या पाहा. त्या सुट्या दिसत नसतील तर आकड्यांना अर्थ नाही.

कागदाचा आकार आणि फोटोचा आकार न जुळवणं

फोनचा फोटो ४:३, तर ४ × ६ आणि १२ × १८ चा कागद ३:२. ६ इंच रुंदीला फोटोची उंची ४.५ इंच होते आणि कागद ४ इंचांचाच. अर्धा इंच कापला जाणार, आणि ग्रूप फोटोत तो मागच्या रांगेच्या डोक्यांवरून जातो. लॅबला ‘फिट’ सांगितलं तर दोन बाजूंना पांढऱ्या पट्ट्या येतात, ‘फिल’ सांगितलं तर कात्री. तिसरा मार्ग चांगला: ३:२ मध्ये स्वतः क्रॉप करून द्या. ४०३२ × ३०२४ चा फोटो ४०३२ × २६८८ होतो आणि १२ × १८ वर इंचाला २२४ पिक्सेल मिळतात. भिंतीवरच्या फ्रेमला एवढे पुरेसे आहेत.

ग्रूप फोटोतून एकच चेहरा मोठा करणं

घरातलं माणूस गेल्यावर फ्रेमसाठी फोटो शोधला जातो आणि बऱ्याचदा कुठल्या तरी लग्नातला ग्रूप फोटोच हाती लागतो. इथे पूर्ण फोटोचे पिक्सेल मोजून उपयोग नाही, चेहऱ्याचे मोजा. चेहरा ३०० पिक्सेल रुंद असेल आणि फ्रेममध्ये तो ४ इंच हवा असेल तर इंचाला ७५ च पडतात. अशा वेळी फ्रेम मोठी ठेवून आतला फोटो ५ × ७ चा घ्या आणि भोवती रुंद पांढरा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) लावा. खांद्यापर्यंतचा भाग ठेवला की चेहरा आपोआप लहान छापला जातो आणि नीट दिसतो.

जुना छापील फोटो मिळाला तर त्याचा फोनने फोटो काढू नका, स्कॅन करा. ४ × ६ च्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरतं. त्याच्यावर गेलात की बहुधा धूळ, ओरखडे आणि कागदाचा पोतच मोठा होतो. ३५ × ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो १२०० वर स्कॅन केला की १६५० × २१२५ च्या आसपास पिक्सेल येतात आणि ८ × १० ला इंचाला २०७ पडतात. आकडा समाधानकारक दिसतो, पण त्या चिमुकल्या कागदावर मुळात तेवढा तपशील नसतो, त्यामुळे ५ × ७ च्या पुढे जाऊ नये. निगेटिव्ह सापडली तर मात्र प्रिंट बाजूला ठेवा. ३५ एमएमची चौकट २४०० वर स्कॅन केली की ३४०० × २२६८ पिक्सेल मिळतात, आणि त्यात खरा तपशील असतो. स्कॅनरच्या माहितीत ‘ऑप्टिकल’ रिझोल्यूशन पाहा, अंदाजाने भरलेल्या पिक्सेलचं ‘इंटरपोलेटेड’ नव्हे. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर ‘डीस्क्रीन’ चालू करा, नाहीतर छपाईच्या ठिपक्यांची जाळी फोटोवर लहरींसारखी उमटते.

एआयने फोटो मोठा करणारी साधनं इथे जपून वापरावीत. कमी पिक्सेलच्या चेहऱ्यात ती डोळे आणि दात स्वतःच्या मनाने रचतात. फोटो धारदार होतो, पण घरच्यांना तो चेहरा परका वाटू शकतो. दुपटीपर्यंतच वाढवा आणि मूळ फोटो शेजारी ठेवून त्या माणसाला ओळखणाऱ्याला दाखवा.

फ्लेक्सलाही ३०० मागणं

१० × २० फुटांचा फ्लेक्स ३०० ने बनवला तर ३६,००० × ७२,००० पिक्सेल होतात. जेपेगची कमाल मर्यादा एका बाजूला ६५,५३५ आणि फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलची ३०,०००, म्हणजे या दोन्हींत फाइल सेव्हच होणार नाही. आणि तिची गरजही नाही, कारण फ्लेक्स लांबून पाहिला जातो. सोपा हिशोब असा: २८६ भागिले पाहणाऱ्याचं अंतर फुटांत. १० फुटांवरून इंचाला २९ पिक्सेल पुरतात, २० फुटांवरून १४. लोक जवळ येतील अशा स्वागताच्या फलकाला ७२ ते १०० ठेवा, चौकातल्या मोठ्या फ्लेक्सला ३० ते ४० पुष्कळ झाले. एक दशांश मापात काम करत असाल तर १ × २ फुटांच्या फाइलला ३०० ठेवा, प्रत्यक्ष आकारात ते ३० होतात.

अक्षरांना हा हिशोब लावू नका. नाव आणि मजकूर फोटोत मिसळून जेपेग केला की कडा आधी अक्षरांच्याच फुटतात. मजकूर कोरलड्रॉमध्ये ठेवा आणि देण्याआधी ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ करा, म्हणजे अक्षरांचे आकार बनतात आणि फाँटची गरज उरत नाही. श्रीलिपीचा फाँट समोरच्या संगणकात नसला तर अक्षरं भलतीच उमटतात, तेही यामुळे टळतं.

ऑफसेटची पत्रिका किंवा स्मरणिका असेल तर ३०० पाळाच. आर्ट पेपरवर इंचाला साधारण १५० रेषांचा स्क्रीन (छपाईच्या ठिपक्यांची जाळी) असतो आणि फाइल त्याच्या दीडपट ते दुप्पट लागते. वर्तमानपत्राचा स्क्रीन ८५ ते १०० रेषांचा, तिथे २०० पुरे. ए४ ला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून २५५१ × ३५७९ पिक्सेल ठेवा. शिक्का किंवा सही स्कॅन करून घ्यायची असेल तर ती काळ्या-पांढऱ्यात १२०० वर.

चाचणी न घेता मोठी प्रिंट काढणं

१२ × १८ ची ऑर्डर देण्याआधी त्याच फोटोतला चेहऱ्याचा भाग दोन्ही बाजूंनी एक तृतीयांश मापात कापा. ४०३२ × २६८८ मधून १३४४ × ८९६ पिक्सेलचा तुकडा निघतो. तो ४ × ६ वर छापून घ्या. मोठ्या फ्रेममध्ये चेहरा जसा दिसणार, नेमका तसाच या तुकड्यात दिसेल. तुकडा फ्रेमच्या जागी भिंतीला लावून खोलीतल्या नेहमीच्या बसण्याच्या जागेवरून पाहा. मऊ वाटला तर ८ × १२ ला उतरा, आणि धार (शार्पनेस) वाढवायची असेल तर आकार ठरल्यावर शेवटी वाढवा. आधी धार देऊन मग फोटो मोठा केला की कडांना पांढरी किनार येते.