या चुका टाळा : कॅन्सरचे उपचार चालू असताना नवरा-बायकोची जवळीक

केमोच्या वॉर्डात नर्स म्हणून काम करताना त्याच त्या चुका सारख्या बघते. लाजेपोटी कुणी विचारत नाही आणि मग निस्तरणं अवघड होऊन बसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाळी थांबली, आता दिवस राहणार नाहीत, असं धरून चालणं. केमोने पाळी थांबते, पण बीजांडं तयार होणं पूर्ण थांबलेलं असेलच असं नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या एक ताई टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी घेत होत्या. उलट्या होतात म्हणून आल्या. घरच्यांनी ‘गोळी गरम पडली’ म्हणून आठवडेच्या आठवडे कोकम सरबत पाजलं होतं. तपासलं तर तिसरा महिना. या गोळीने गर्भात व्यंग होऊ शकतं. पुढचा निर्णय घेताना त्या दोघांचे जे हाल झाले, ते एका साध्या प्रश्नाने टळले असते. कंडोम वापरा किंवा डॉक्टरांना कॉपर-टीबद्दल विचारा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, मेडिकलवाल्याने दिल्या तरी घेऊ नका. केमो नवऱ्याची असली तरी काळजी तेवढीच. पुढे मूल हवं असेल तर वीर्य साठवण्याचं पहिल्या केमोआधीच बोला.

केमोचं औषध दोन-तीन दिवस वीर्यात आणि योनीस्रावात उतरू शकतं. मी तर प्रत्येक केमोनंतर आठवडाभर कंडोम लावायलाच सांगते. त्यावर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं. पाण्यात विरघळणारी जेली आणा.

दुसरी चूक डायलेटरची, म्हणजे योनी मोकळी राहावी म्हणून आत घालायच्या गुळगुळीत नळीची. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) दिल्यावर योनी आखडते, आतली कातडी चिकटते. सूज उतरली की, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने डायलेटर सुरू करायचा. आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं, भरपूर जेली लावून. बायका तो कपाटात साड्यांखाली दडवतात. ‘आता या वयात कशाला?’ अहो, संबंध ठेवायचे नसले तरी डॉक्टरांना आतून तपासता आलं पाहिजे, नाहीतर आजार उलटला तर कळणार कसं? काहीजणी महिनाभर करून सोडतात. आखडणं पुढे कितीतरी महिने चालूच असतं. आणि घाई झालेल्या नवऱ्यांनो, डायलेटर सहज जाऊ लागेपर्यंत थांबा. बधिर करणारं मलम लावून उरकू नका, जखम झालेली कळतसुद्धा नाही.

बाकीचं थोडक्यात. कॅन्सर संबंधातून लागत नाही. मशीनचा शेक अंगात उरत नाही, मिठी मारा. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस घेतला असेल तर मात्र सांगितलेले दिवस वेगळं झोपा. प्लेटलेट 50,000 च्या खाली किंवा पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या असतील तर संबंध नकोत. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेच्या गोळ्या अजिबात नाहीत. रक्तदाब एकदम कोसळतो.

डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसेल तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून नर्सच्या हातात द्या. मी अशा चिठ्ठ्या घेते आणि पडदा ओढून उत्तर देते.