शेपूट सोडू नका : फ्रेझल व्हर्ब पॅसिव्हमध्ये कसं वापरायचं

'द डॉक्टर वॉज सेंट' आणि 'द डॉक्टर वॉज सेंट फॉर'. फरक एका चिमुकल्या 'फॉर'चा. पण पहिल्या वाक्यात डॉक्टरला कुठेतरी पाठवलं आहे, आणि दुसऱ्यात डॉक्टरला बोलावणं धाडलं आहे. म्हणजे एकात डॉक्टर निघाला, दुसऱ्यात तो अजून यायचा आहे. पॅसिव्ह करताना मराठी माणसाच्या हातून नेमका हाच शेवटचा शब्द गळतो. शाळेत आपण 'राम ईट्स अ मँगो'चं पॅसिव्ह शंभर वेळा केलेलं असतं, पण त्या आंब्याला शेपूट नव्हतं.

हे शेपूट समजायला आपल्याला खरं तर अवघड जाऊ नये. 'हार'च्या आधी उपसर्ग लावला की आहार, विहार, प्रहार, संहार होतात. मूळ धातू एकच, पण अर्थाचा एकमेकांशी संबंध उरत नाही. इंग्रजीतही तेच घडतं. 'पुट' म्हणजे ठेवणं, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट आउट' म्हणजे विझवणं. अशा जोडीलाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात, आणि मागचा छोटा शब्द हे तिचं शेपूट. एवढंच की आपला उपसर्ग पुढे चिकटतो आणि इंग्रजी शेपूट मागे, तेही सुटं राहतं. सुटं दिसतं म्हणून आपण ते वेगळा शब्द समजतो. 'संहार'मधला 'सं' कोणी विसरत नाही. 'पुट ऑफ'मधला 'ऑफ' मात्र सहज विसरला जातो.

आधी कर्म शोधा

क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असं विचारायची शाळेतली युक्ती इथे तशीच चालते. 'दे कॉल्ड ऑफ द मॅच'. काय रद्द केलं? मॅच. उत्तर मिळालं, म्हणजे पॅसिव्ह होईल. 'शी ग्रू अप'. काय? उत्तर नाही, विषय संपला. 'शो अप' (हजर होणं), 'पास अवे', 'ग्रो अप' यांचं पॅसिव्ह होत नाही.

गोंधळ होतो तो एकाच रूपाचे दोन अर्थ असले की. गाडी बंद पडली तर 'द कार ब्रोक डाउन'. 'वॉज ब्रोकन डाउन' लिहायचा मोह आवरा, कारण गाडी आपणहून बंद पडली. पण पोलिसांनी दार तोडलं तर 'द डोअर वॉज ब्रोकन डाउन बाय द पोलीस' हे अगदी बरोबर आहे. क्रियापद तेच, पण इथे तोडणारा वेगळा आणि तुटणारं वेगळं.

मग शेपूट घट्ट धरा

ॲक्टिव्हमध्ये बऱ्याच क्रियापदांच्या शेपटाला थोडी मोकळीक असते. 'टर्न ऑफ द लाइट' म्हणा किंवा 'टर्न द लाइट ऑफ', दोन्ही चालतं. कर्म 'इट' असेल तर मात्र ते मधेच बसवावं लागतं: 'टर्न इट ऑफ'. या नियमाने अनेकांना घाम फोडला आहे. पॅसिव्हमध्ये तो प्रश्नच राहत नाही. कर्म उठून वाक्याच्या सुरुवातीला जातं, मधली जागा मिटते आणि शेपूट पुन्हा क्रियापदाला चिकटतं: 'द लाइट वॉज टर्न्ड ऑफ', 'इट वॉज टर्न्ड ऑफ'. माझ्या मते तर फ्रेझल व्हर्ब शिकायला पॅसिव्हपासूनच सुरुवात करावी, इतकं ते इथे सरळ आहे.

'बी'चं रूप काळाप्रमाणे बदलतं, व्हर्बचं तिसरं रूप आणि शेपूट दोन्ही जागच्या जागी राहतात. 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ', 'हॅज बीन कॉल्ड ऑफ', 'इज बीइंग कॉल्ड ऑफ', 'विल बी कॉल्ड ऑफ', 'हॅड टु बी कॉल्ड ऑफ'. प्रश्न विचारला तरी 'वॉज द मॅच कॉल्ड ऑफ?' 'अचानक' घालायचं असेल तर ते आधी घाला: 'वॉज सडनली कॉल्ड ऑफ'. 'कॉल्ड सडनली ऑफ' नको.

तिसऱ्या रूपाबद्दल एवढंच: पुट, सेट, कट, शट, लेट ही मंडळी बदलत नाहीत. 'पुटेड ऑफ' असा शब्द नाही.

'बाय' शेपटानंतर

कर्ता सांगायचाच असेल तर 'बाय' पूर्ण क्रियापदानंतर येतो. 'शी वॉज ब्रॉट अप बाय हर ग्रँडमदर', तिला आजीनं वाढवलं. इथे 'अप' गळला तर 'आजीनं तिला आणलं' एवढाच अर्थ उरतो.

खरी परीक्षा असते दोन-तीन छोटे शब्द ओळीनं आले की. 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन'. 'ॲट' आणि 'बाय' शेजारी शेजारी बघून हात थबकतो, काहीतरी जास्तीचं झालंय असं वाटतं आणि आपण 'ॲट' खोडतो. खोडू नका. 'लुक डाउन ऑन', म्हणजे तुच्छ लेखणं, याचं तर 'शी वॉज लुक्ड डाउन ऑन बाय हर रिलेटिव्ह्ज' होतं. तीन छोटे शब्द ओळीनं आहेत आणि तिन्ही हवेत. ॲक्टिव्हमध्ये 'ऑन'च्या पुढे 'हर' होतं. ते 'शी' होऊन वाक्याच्या सुरुवातीला गेलं म्हणून 'ऑन' एकटा दिसतो, एवढंच. 'डू अवे विथ'चंही तसंच: 'द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ', जुना नियम मोडीत काढला. वाक्य 'विथ'वर संपतं म्हणून अस्वस्थ व्हायचं कारण नाही. वाचताना मात्र असा शेवटचा शब्द पूर्ण उच्चारा. 'सेंट फॉर'मधला 'फॉर' स्पष्ट ऐकू यायला हवा.

'टेक केअर ऑफ', 'मेक फन ऑफ' यांनाही हाच न्याय: 'द चिल्ड्रन वेअर टेकन केअर ऑफ'. आणि घरफोडी झाली तर 'द हाउस वॉज ब्रोकन इन्टू'. 'इन्टू' सोडलं तर घरच मोडून पडल्यासारखं वाटेल.

मराठी 'झाली'चा चकवा

मराठीत आपण सहज म्हणतो, 'मॅच रद्द झाली'. कर्ता नाही आणि 'केली गेली'ही नाही, नुसतं 'झाली'. ते डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिलं की 'द मॅच कॉल्ड ऑफ' असं वाक्य उतरतं, 'वॉज' गायब. त्यात इंग्रजी वृत्तपत्रांचे मथळे भर घालतात: 'मॅच कॉल्ड ऑफ'. मथळ्यात जागा वाचवायला 'वॉज' गाळतात. आपल्या वाक्यात ती सवलत नाही.

'मीटिंग पुढे ढकलली' यातही कोणी ढकलली ते मराठीला सांगावं लागत नाही. इंग्रजीला कर्ता लपवायचा तर पॅसिव्ह हा सर्वांत सोपा रस्ता: 'द मीटिंग वॉज पुट ऑफ'. म्हणून मराठी वाक्यात 'कोणी?'चं उत्तर नसेल, तर इंग्रजीत पॅसिव्ह लागेल का हे आधी तपासा. मराठीतला कर्मणी प्रयोग बघून ठरवू नका. 'रामाने आंबा खाल्ला' हा आपला कर्मणी प्रयोग आहे, पण इंग्रजीत ते साधं ॲक्टिव्ह वाक्य होतं.

काही हट्टी, काही कायमचे पॅसिव्ह

कर्म असूनही काही क्रियापदं वळत नाहीत. 'ही टेक्स आफ्टर हिज मदर', तो आईच्या वळणावर गेलाय. याचं पॅसिव्ह करून बघा, कोणीही हसेल. इथे आईवर कुठली क्रिया घडलेलीच नाही. पण दिसायला तसंच असलेलं 'लुक आफ्टर' मुकाट्यानं वळतं: 'द बेबी इज लुक्ड आफ्टर बाय अ नर्स'. 'रन आउट ऑफ'सुद्धा हट्टीच. साखर संपली तर 'वी रॅन आउट ऑफ शुगर' असंच म्हणा.

उलट काही पॅसिव्हमध्येच राहायला आली आहेत. 'मी फेड अप झालोय' हे आपण मराठीतही म्हणतो. ते मुळात 'फीड'चं पॅसिव्ह. 'टेकन अबॅक', म्हणजे चकित होणं, हे शिडाच्या जहाजांवरून आलं आहे: समोरून वारा आला की शिडं मागे डोलकाठीवर दाबली जात आणि जहाज अडे. आज त्या अर्थानं कोणी ॲक्टिव्ह फारसं वापरत नाही.

औपचारिक पत्रात 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन्ड' लिहिलं तर शेपटाची कटकटच नाही. पण बोलताना फ्रेझल व्हर्बच येतात, आणि बऱ्याचदा 'वॉज'च्या जागी 'गॉट' येतो: 'ही गॉट थ्रोन आउट', त्याला हाकलून दिलं.

आता ही चार वाक्यं आधी स्वतः करून बघा आणि मगच खाली जा. हा फॉर्म आजच भरायचा आहे. तक्रारीची चौकशी चालू आहे. आमचा फोन मध्येच तुटला. विमान वेळेवर उडालं.

उत्तरं: 'धिस फॉर्म हॅज टु बी फिल्ड इन टुडे.' 'द कंप्लेंट इज बीइंग लुक्ड इन्टू.' 'वी वेअर कट ऑफ.' आणि चौथं 'द प्लेन टुक ऑफ ऑन टाइम.' तिथे 'वॉज टेकन ऑफ' लिहिलं असेल तर कर्म शोधायच्या पायरीवर परत जा.