अंगणात कॉन्सर्ट बघायची तर आधी पिन बघा

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की कुणाचा तरी भाचा प्रोजेक्टर घेऊन येतोच, आणि मग रात्री खळ्यात, म्हणजे अंगणात, काहीतरी मोठं लावूया असं सुरू होतं. पिक्चर लावायचा असेल तर माझं काही म्हणणं नाही, कसाही लावा. पण जुन्या बँडची उघड्यावरची कॉन्सर्ट लावणार असाल तर नेटवर फिरणारे सल्ले जरा बाजूला ठेवा. सगळे पडद्याबद्दल बोलतात, किती लुमेन्स (म्हणजे किती उजेड), किती इंच, फोर-के आहे का, आणि आवाजाबद्दल एकच ओळ, "ब्लूटूथ स्पीकर जोडा आणि एन्जॉय करा". हे लिहिणाऱ्याने त्या स्पीकरवर ड्रमरचे हात एकदा तरी नीट बघितलेत का? चित्र थोडं फिकं असलं तरी कुणी उठून जात नाही, पण गाणाऱ्याचा आवाज गेला की पंधरा मिनिटांत खळं रिकामं.

काय लावायचं

पहिल्यांदाच लावत असाल तर रोलिंग स्टोन्स या रॉक बँडची कोपाकबानाची कॉन्सर्ट लावा, फार डोकं चालवू नका. १८ फेब्रुवारी २००६, ब्राझीलमधल्या रिओची चौपाटी, तिकीट नाही, दहा लाखांहून जास्त माणसं वाळूत उभी आणि काही लोक तर बोटींतून बघतायत. हॉटेलातून स्टेजवर जायला रस्त्यावरून खास पूल बांधला होता, कारण त्या गर्दीतून बँडला नेणार कुठून? बँड १९६२ चा. तेव्हा गाणारा मिक जॅगर ६२ वर्षांचा होता आणि ड्रमवर चार्ली वॉट्स ६४ चा, आणि जॅगर स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जो पळतो ते बघून आमच्याकडचे साठीतले काका गुडघ्याचं बोलायचे बंद होतात. हीच कॉन्सर्ट २०२१ मध्ये नव्याने मिक्स करून, आधी वगळलेली काही गाणी घालून परत आली, तीच घ्या. वॉट्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला, त्यामुळे कॅमेरा त्याच्यावर आला की आता जरा वेगळं वाटतं.

पोरांना धिंगाणा हवा असेल तर एसी/डीसी बँडची डिसेंबर २००९ ची ब्यूनस आयर्सची, रिव्हर प्लेट स्टेडियमवाली. तिथलं पब्लिक सबंध स्टेडियमभर एकत्र उड्या मारतं. पिंक फ्लॉइड बँडने १९७१ मध्ये इटलीतल्या पॉम्पेच्या रिकाम्या रोमन प्रेक्षागारात वाजवलं होतं, समोर एकही प्रेक्षक नाही, ते अफाटच आहे, पण ते चार शांत माणसांनी बघायचं काम, वाडीतल्या तीस जणांना लावलंत तर अर्ध्या तासात पोरं आंबे काढायला जाणार.

डिस्क असेल तर मागचा रीजन कोड बघा, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते तो आकडा किंवा अक्षर. आपल्याकडे डीव्हीडीला ५ आणि ब्लू-रेला सी. आखातातून कुणी आणलेली बहुधा २ आणि बी, अमेरिकेतली १ आणि ए. शून्य किंवा "ऑल" लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. आणि पावसाळाभर कपाटात पडलेल्या डिस्कवर बुरशी धरते, ती मऊ कापडाने मधून बाहेर अशी सरळ पुसायची, गोल गोल नाही.

पडदा आणि वेळ

मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास जातो, साडेसातला चांगला काळोख होतो, त्याआधी सुरू करू नका. पडदा म्हणून पांढरी चादर दुहेरी करून चालते, पण खालची बाजूसुद्धा बांधा, नाहीतर खारा वारा आला की तिचं शीड होतं. प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे लुमेन्स वाचताना "अँसी" (ANSI, ठरलेल्या पद्धतीने मोजलेलं) शब्द शोधा, तो नसेल तर आकडा सोडून द्या.

पडदा मात्र घराच्या भिंतीला लावा आणि स्पीकरची तोंडं वाडीकडे करा, उलटं नको. बरेच जण पडदा माडांना बांधतात, दिसायला छान दिसतं, पण मग आवाज जाऊन चिऱ्याच्या भिंतीवर आपटून परत येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे भिंत नऊ-दहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन पन्नास मिलिसेकंदांच्या वर उशीर, आणि तेवढ्याला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू यायला लागतो. माड-पोफळींवर आपटून असा सपाट आवाज परत येत नाही. शिवाय स्पीकर भिंतीला टेकून जमिनीवर ठेवले की बासही भरतो, उघड्यावर तो नाहीतर हवेत विरून जातो.

आता आवाज

इथे नीट वाचा, बाकी सगळं चुकलं तरी चालेल.

ब्लूटूथ नको. साध्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोचायला दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. आवाज चित्राच्या मागे पडला तर सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास माणसाला ते कळायला लागतं, आणि आवाज चित्राच्या पुढे गेला तर पंचेचाळीसलाच कळतं. पिक्चरमधल्या बोलण्यात हे खपून जातं कारण कॅमेरा सारखा तोंडावर नसतो, पण इथे काठी ड्रमवर पडताना दिसते आणि ठोका मागाहून येतो, आणि हे दोन तास. आमच्या शेजारचे आबा, जन्मभर दशावतार बघितलेले, इंग्लिश गाण्यातला एक शब्द कळत नाही, पण दुसऱ्याच गाण्याला म्हणाले, "हात आधी पडता, आवाज मागसून येता." पखवाज ऐकलेल्या माणसाला फसवता येत नाही. त्यात दहा मीटर मागे बसलेल्याला नुसत्या अंतरामुळेच तीस मिलिसेकंद उशीर असतो, त्याच्यावर ब्लूटूथचे दोनशे घाला.

अगदीच नाइलाज असेल आणि कॉन्सर्ट फाइलमध्ये असेल तर लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा, कीबोर्डवरचं J दाबलं की आवाज पन्नास मिलिसेकंद लवकर येतो, K दाबलं की उशिरा. चार वेळा J दाबा आणि ड्रमरकडे बघत जुळवा. टीव्हीच्या किंवा प्लेअरच्या सेटिंगमधला ऑडिओ डिले बहुतेक वेळा आवाज आणखी उशिराच करतो, त्याचा इथे उपयोग शून्य.

तर वायर. गावात मांडववाल्याकडे मिक्सर, अँप्लिफायर आणि दोन टॉप (मोठे स्पीकर) असतातच, सत्यनारायणाला आणि क्रिकेटच्या मॅचला तेच येतात, ते आणा. आणि इथेच सगळ्यांचं घोडं अडतं, माझंही बरीच वर्षं अडायचं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली, दुसऱ्या टोकाला जाडी पिन लावली, ती मिक्सरच्या माइकच्या भोकात घातली, सुरू केलं, आणि गिटार ऐकू येतायत, लोकांचा ओरडा ऐकू येतोय, जॅगर तोंड हलवतोय आणि आवाज नाही. लांब कुठेतरी विहिरीतून आल्यासारखा घुमारा तेवढा. मागून कुणीतरी विचारणारच, "गाणारो खंय गेलो?"

मग साउंडवाला ट्रेबल वाढवतो, व्हॉल्यूम वाढवतो, स्पीकर हलवतो, वायर फुंकून परत घालतो, शेवटी डिस्कच खराब आहे म्हणतो. डिस्क चांगली असते हो, पिन चुकीची असते.

होतं काय ते सांगतो. जाड्या पिनेवर काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असले तर ती स्टिरिओ पिन, डावा आणि उजवा वेगळा. आता मिक्सरचं माइकचं भोक बॅलन्स्ड असतं, म्हणजे ते आत आलेल्या दोन तारांची बेरीज नाही करत, वजाबाकी करतं. माइकच्या लांब वायरीत वाटेत जी घुरघुर शिरते ती दोन्ही तारांत सारखीच असते, वजा केली की उडते, त्यासाठी ही सोय. पण तुम्ही त्यात स्टिरिओ गाणं घातलंत. आणि गाणाऱ्याचा आवाज नेहमी मधोमध ठेवलेला असतो, डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे. वजा केला की शून्य. बास आणि मोठ्या ड्रमचा ठोका हेही बहुतेक मधलेच, ते पण गेले. उरतं काय तर बाजूच्या गिटारी आणि पब्लिक. मशीन अगदी बरोबर काम करतंय, आपणच त्याला गाणाऱ्याला घुरघुर समजून काढायला सांगितलंय.

खात्री करायची असेल तर आवाज कमी करून जाडी पिन हळूच अर्धवट बाहेर ओढा. गाणारा एकदम परत आला तर दोष पिनेचाच. काही महाभाग मग ती तशीच अर्धी ठेवून सेलोटेप मारतात. असं करू नका, कुणाचा तरी पाय वायरीला लागणार आणि दोन्ही टॉपमधून जो काय आवाज येईल त्याने वाडीतली सगळी कुत्री जागी होतील.

आता यावर हमखास मिळणारा वाईट सल्ला: "लॅपटॉपमध्ये मोनो ऑडिओ चालू करा." वायर तीच ठेवून हे केलंत तर जे थोडंफार ऐकू येत होतं तेही जाईल, कारण मग डावा-उजवा हुबेहूब सारखे आणि वजाबाकी पूर्ण. स्पीकर मेले असं वाटून लोक अँप्लिफायर उघडून बसतात. दुसरा वाईट सल्ला म्हणजे डावी-उजवी तार सोलून एकत्र पिळा. त्याने दोन आउटपुट एकमेकांशी भांडत बसतात, आवाज चेपतो आणि लॅपटॉपलाही ते बरं नाही.

बरोबर वायर अशी. एका टोकाला लॅपटॉपची बारीक स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला फुटून दोन जाड्या मोनो पिना, प्रत्येकीवर एकच काळा पट्टा. त्या दोन मिक्सरच्या दोन चॅनेलमध्ये घालायच्या, शक्यतो माइकच्या नाही, लाइनच्या भोकात. मिक्सरला लाल-पांढरी आरसीएची भोकं असतील तर दोन आरसीएवाली वायर, त्याहून सोपं काही नाही. एकच चॅनेल मोकळा असेल तरच मोनो ऑडिओ चालू करायचा आणि डावी मोनो पिन तेवढी लावायची, उजवी टेप गुंडाळून सोडून द्यायची. ही वायर मालवण-कणकवली-सावंतवाडी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, महाग नाही, पण दुकानदाराला नुसतं "लॅपटॉप टू मिक्सर" सांगू नका, पट्टे मोजून घ्या. मी माझी वेगळ्या पिशवीत ठेवतो आणि कुणालाही देत नाही.

पिन बरोबर असूनही गाणारा गायब असेल तर डिस्कच्या मेनूत ऑडिओमध्ये जा. तिथे ५.१ किंवा डीटीएस (दोनापेक्षा जास्त स्पीकरांसाठीचा आवाज) निवडलेलं असेल तर स्टिरिओ किंवा पीसीएम (बहुधा साधा दोन स्पीकरांचा) करा. ५.१ मध्ये गाण्याचा आवाज बराचसा मधल्या स्पीकरला दिलेला असू शकतो, तो स्पीकर तुमच्याकडे नाही, आणि प्लेअरने तो बाकी दोघांत मिसळला नाही तर परत तीच गत. मोठा आकडा म्हणजे भारी आवाज असं समजून लोक ५.१ दाबतात. दोन टॉप आहेत ना? मग स्टिरिओ.

लाइनचं भोक नसेल आणि माइकमध्येच घालावं लागलं तर मिक्सरचा गेन (आत येणारा आवाज वाढवणारं बटण) अगदी खाली आणा, आणि लॅपटॉपचा व्हॉल्यूम निम्म्यावर. फाटका आवाज आला की तो तिथेच फाटलेला असतो, पुढे अँप्लिफायरवर कमी करून काही होत नाही.

एक घूं येईल, पन्नास हर्ट्झची. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक गप्प होईल, तसं झालं तर सुरू करण्याआधी बॅटरी फुल करून घ्या. चार्जर लागणारच असेल तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि अँप्लिफायर तिन्ही एकाच बोर्डावरून घ्या. काहीजण अर्थची पिनच मोडून टाकतात. ओल्या जमिनीवर, अनवाणी पोरं फिरत असताना, तिच्यावर अँप्लिफायर चालवायचा? घूं ऐका त्यापेक्षा.

टेस्टिंग संध्याकाळी पाच वाजता, माणसं यायच्या आधी. मधलं एखादं गाणं लावा आणि तीनच गोष्टी बघा: गाणारा स्वच्छ ऐकू येतो का, काठी आणि ठोका एकत्र पडतात का, आणि शेवटच्या खुर्चीवर बसून बास कळतो का. चित्र न लागताही हे सगळं तपासता येतं, लॅपटॉपच्या स्क्रीनवर बघा, प्रोजेक्टर काळोख पडल्यावर लावा.

बाकी

रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, हा नियम २००० सालापासून आहे, आणि गावात पोलीस येण्याआधी शेजारची काकी येते. कोपाकबानाची कॉन्सर्ट दोन तासांच्या आसपास आहे, साडेसातला लावलीत आणि मध्ये जेवणाचा ब्रेक काढला नाहीत तर आरामात आटपते. जेवण आधी उरका किंवा ताटं हातात घेऊन बसा. मध्येच लाइट गेली तर अँप्लिफायर आधी बंद करा, नाहीतर लाइट परत येताना टॉपमध्ये जो धडाका होतो त्यात आतली कॉइल जाते आणि मांडववाला पैसे तुमच्याकडूनच घेतो. पहिल्या पावसानंतर लावत असाल तर प्रोजेक्टरच्या भिंगावर किडे बसतात, दोन-चार मीटर लांब एक पांढरा बल्ब लावून ठेवा, बरेचसे तिकडे जातात.

संपल्यावर आधी अँप्लिफायर बंद, मग बाकीचं. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर पंखा थांबेपर्यंत बोर्डाचं बटण दाबू नका. आणि वायर त्याच रात्री गुंडाळून आत न्या, दवात राहिली तर खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात, मग पुढच्या वेळी खरखर.